एकटीने जायचं तर मुंबई की तारकर्ली?

'शहरापेक्षा गाव कधीही सुरक्षित' असं वर कुणीतरी लिहिलंय, ते सरसकट पटत नाही. मुंबईत रात्री ११ वाजताही लोकलच्या लेडीज डब्यात पोलीस असतो, फलाटावर वर्दळ असते. तारकर्लीची माणसं चांगलीच, पण कुडाळला गाडी मध्यरात्री लेट पोचली की पुढचे तीसेक किलोमीटर रिक्षाच्या भरवशावर. तेव्हा दिवसा उतरवणारी गाडी बघ, रिक्षा होमस्टेवाल्यांनाच पाठवायला सांग.

खरी भीती समुद्राची. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर बहुतेकदा तिथेच आत समुद्रात खेचणारी ओढ असते. अडकलीस तर किनाऱ्याला समांतर पोहायचं, सरळ किनाऱ्याकडे झगडायचं नाही. पावसाळ्यात पाण्यात नकोच (बोटीही बंद असतात). डिसेंबरात असशील तर माझं मत तारकर्लीला.