बांधावर कळलावी आली आहे, कंद बाळंतपणासाठी ठेवू का?

चोपड्याची लेक:
आमचं शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. यंदा पावसाळ्यात बांधावरच्या बोरीवर एक वेल चढली. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, वर लालभडक अन् सगळ्या मागे वळलेल्या. शेजारच्या आजी म्हणतात, ही कळलावी. कंद काढून ठेव, वहिनी अडली तर उगाळून तळपायाला लावू. वहिनीला सातवा सरलाय. आईला पटतंय, माझं मन धजत नाही. शिवाय बकऱ्या तिथेच चरतात.

निवृत्त परिचारिका, यावल:
ताई, कंद घरात आणूच नका. आजींच्या मायेबद्दल शंका नाही. त्यांच्या काळी पाड्यावरून दवाखाना गाठायचा तर बैलगाडी जुंपावी लागायची, सुईणीच्या हाताशी जे असेल ते ती वापरायची. आता १०८ ला फोन करा. वहिनीचं नाव दवाखान्यात नोंदवलं नसेल तर आजच नोंदवा.

ह्या वेलीत कोल्चिसिन नावाचं विष असतं. बियांत अन् कंदात तर भरपूर. ते पेशींचं विभाजन थांबवतं, म्हणून जिथे पेशी सतत नव्या होतात तिथे आधी घाव बसतो: आतडी, हाडांतला मगज, केसांची मुळं. कंद पोटात गेला की काही तासांनी उलट्या अन् हगवण लागते. मग माणसाला जरा बरं वाटतं अन् घरचे निर्धास्त होतात, तिथेच घात होतो. पुढच्या दिवसांत मूत्रपिंड, रक्त, श्वास सगळंच ढासळू शकतं. वाचलेल्याचे केस एक-दोन आठवड्यांनी झडतात. उकडून हे विष जात नाही, अन् त्यावर हमखास उतारा नाही. रताळं समजून कंद खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. म्हणून स्वयंपाकघराच्या आसपास तो नकोच.

वैद्य, धुळे:
सहमत. आमच्या ग्रंथांत ही लांगली, उपविषांत मोजलेली. गोमूत्रात शोधन, म्हणजे शुद्धी, केल्याशिवाय आम्हीही हात लावत नाही. तिचं एक नाव गर्भपातिनी आहे, एवढं आईंना सांगा.

तांदलवाडीचा शेतकरी:
पण वेल वाईट नाही हो! तमिळनाडूत हिची मुद्दाम शेती होते, बिया औषध कारखान्यांना जातात. गाउटने, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या दुखण्याने, पायाचा अंगठा सुजला की डॉक्टर जी बारीक गोळी देतात, ती अर्धा मिलिग्रॅमची, त्यात हेच कोल्चिसिन. बिनबियांच्या टरबुजाचं बियाणं तयार करतानाही रोपाची गुणसूत्रं दुप्पट करायला हेच वापरतात. मोजूनमापून कामाला लावलं तर सोन्यासारखं.

चोपड्याची लेक:
आईला वैद्यांचं वाचून दाखवलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, उद्याच दवाखान्यात जाऊ. आता वेल उपटून टाकू का?

निवृत्त परिचारिका, यावल:
फार बरं केलंत. उपटू नका, कंदांसाठी खणून खणून डोंगरातही ती कमी होत चाललीय. बोरीभोवती काट्यांचं कुंपण घाला, बकऱ्या पलीकडे बांधा. फुलं सरली की हिरव्या शेंगा धरतील, त्या पिकून उकलल्या की आत लालचुटुक बिया दिसतात. पोरं त्या खेळायला घेतात. शेंगा हिरव्या असतानाच हातमोजे घालून तोडा, खोल पुरा अन् हात साबणाने धुवा.