ऊसतोड कामगारांच्या तळावर मोफत ओपीडी, पेशंट परत येत नाहीत

थर्ड_इयर_एमबीबीएस:
आम्ही काही पोरं-पोरी मिळून साखर कारखान्याजवळ ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) दर रविवारी मोफत ओपीडी घेतो, पीएसएमचे (सामाजिक आरोग्य विषयाचे) सर सोबत असतात, औषधं त्यांच्याच सहीने. सकाळी दहाला गेलं की म्हातारे आणि लहान लेकरंच भेटतात, आणि ज्याचं बीपी १८० निघालं तो पुढच्या वेळी दिसतच नाही. लोकल लोकांना जोडून घ्या असं सगळे सांगतात, पण नक्की कुणाला धरायचं?

पीएचसीवाला:
दहाला तळावर कोण असणार भाऊ, तोडणीच्या टोळ्या पहाटेच उसाच्या फडात जातात, दिवस बुडाल्यावर येतात, रविवारची सुट्टी त्यांना नसते आणि खाडा पडला की पैसे कापतात. संध्याकाळी सातनंतर जा, आधी टोळी आणणाऱ्या मुकादमाशी बोलून घ्या. आणि बीपीच्या गोळ्या महिनाभर देऊन सोडून देऊ नका प्लीज. जवळच्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) एमओंना, म्हणजे मेडिकल ऑफिसरना, आधी भेटा, बीपीची अ‍ॅम्लोडिपीन गोळी तिथे फुकट मिळते. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला (हंगाम संपला) की ही माणसं बीडला नाहीतर नगरला परत जाणार, म्हणून रीडिंग, गोळीचं नाव आणि डोस मराठीत लिहिलेलं कार्ड त्यांच्या हातात द्या, तुमच्या रजिस्टरचा तिकडे काय उपयोग?

आशाताई:
मी आशा आहे म्हणून सांगते. अंगावरून पांढरं जातंय हे बाई पोरांसमोर कधीच बोलणार नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण एवढं गाजलं, २०१९ ला नीलम गोऱ्हेंची समिती बसली, त्या बायका डॉक्टर म्हटलं की घाबरणारच ना. मुलींना पुढे करा आणि टोळीतली एक जाणती बाई सोबत घ्या. आणि आम्हाला फक्त गर्दी जमवायला फोन करू नका बाळांनो, वार आणि वेळ ठरवतानाच विचारा.

जामखेडकर:
आशाताईंना +१. आमच्याकडे जामखेडला आरोळे डॉक्टरांनी १९७० ला गावोगावी आरोग्याचं काम सुरू केलं, त्यात पुढे गावानेच निवडलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या, कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं तरी बाळंतपणं सांभाळली त्यांनी. तुमची बॅच दोन वर्षांत बदलेल, टोळीतली बाई दर हंगामाला येईल. बीपी मोजायला तिलाच शिकवा, डिजिटल मशीन तिच्याकडेच ठेवा.

थर्ड_इयर_एमबीबीएस:
मशीन तिच्याकडे ठेवायचं डोक्यातच आलं नव्हतं. सरांशी बोलून या आठवड्यात एमओंना भेटतो. आशाताई, गुरुवारी संध्याकाळी चालेल का, की त्या दिवशी बाजार असतो?

आशाताई:
बाजार बुधवारी असतो. गुरुवारी या, पण आठच्या आत नको, भाकरी थापायची वेळ असते.