केस गळतात तेव्हा : कृष्णवर्णीय बायकांचे अनुभव (अनुभव धागा)

केतकी_अटलांटा (धागाकर्ती)

कृष्णवर्णीय बायकांमध्ये आढळणारं एक टक्कल टाळूच्या मधोमध सुरू होतं. आधी रुपयाएवढी जागा विरळ होते, मग ती चहूबाजूंनी पसरत जाते. डॉक्टर त्याला सीसीसीए म्हणतात. यात केसांची मुळं आतल्या आत सुजतात, तिथे व्रण धरतो आणि मूळ कायमचं बंद होतं. वेळ गेली की गेली. माझ्या सासूबाईंना हा आजार आहे. त्या आफ्रिकन अमेरिकन, जन्म अलाबामाचा, संसार सगळा अटलांटात. माथ्याला खाज सुटते, विंचरताना दुखतं, असं त्या डॉक्टरांना सांगत राहिल्या आणि "वयाप्रमाणे व्हायचंच", "ताण घेऊ नका" एवढंच ऐकत राहिल्या. केस बाजूला करून टाळू कोणी पाहिलीच नाही.

मला याचा मनापासून राग येतो. १९६८ साली डॉक्टरांनी, केस सरळ करायला तापवून वापरतात त्या कंगव्यावरून, या टकलाला 'गरम कंगव्याचं टक्कल' असं नाव दिलं आणि सगळा दोष बाईच्या हातातल्या कंगव्यावर गेला. २०१९ मध्ये काही रुग्णांत पीएडीआय३ नावाच्या जनुकातले बदल सापडले, म्हणजे निदान काही जणींना हा आजार घराण्यातूनच येतो. मधली पन्नास वर्षं या बायका "मीच काहीतरी वेडंवाकडं केलं असणार" म्हणत डोक्याला रुमाल बांधून बसल्या.

डॉक्टर बघत नाहीत म्हटल्यावर या बायकांनी आपले उपाय आपणच केले. मॅडम सी. जे. वॉकर यांचं नाव इथल्या घराघरांत माहीत आहे. जन्म १८६७ चा, लुइझियानातला. स्वतःचे केस गळायला लागले म्हणून त्या केसांच्या औषधाकडे वळल्या, पुढे स्वतःचं मलम विकायला लागल्या आणि इंडियानापोलिसला कारखाना उभा केला.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात, वॉर्डात, ऑफिसात, शेजारी या बायका आहेत. त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने लिहा. स्वतःचा अनुभव असेल तर फारच उत्तम. ओळख पटेल असं काही नको. उपाय जरूर सांगा, पण 'हमखास' म्हणू नका.

पहिला अनुभव सासूबाईंचा. त्या बोलल्या, मी मराठीत उतरवलं :

"लहानपणी दर शनिवारी आई मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवायची. शेगडीवर लोखंडी कंगवा तापत असायचा. 'कान धर,' ती म्हणायची, आणि मी कान दुमडून घट्ट धरायचे. कानाजवळून तो कंगवा गेला की तेलाचा चर्र आवाज यायचा. मोठी झाल्यावर रिलॅक्सर आलं, म्हणजे केस सरळ करणारं रसायन. ते डोक्यावर जळजळायला लागलं की पार्लरमधल्या बायका म्हणायच्या, 'लागू पडतंय, अजून थोडं थांब.' नोकरी बँकेत, काउंटरवर. सरळ केसांशिवाय तिथे कोणी उभं केलं नसतं.

माथ्यावरची जागा वाढली तशी मी विग घालायला लागले. नवऱ्यासमोरसुद्धा काढत नसे. शेवटी सुनेने एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, 'मी हात लावू का?' आणि बोटांनी सगळी टाळू चाचपली. मला रडूच आलं. टाळूचा चार मिलिमीटरचा तुकडा तपासायला घेतला, निदान पक्कं झालं. टाळूत स्टिरॉइडची इंजेक्शनं, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि केस वाढायला टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल. जिथली कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली होती तिथे केस येणार नाहीत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. ते ऐकणं कठीण गेलं, पण खोट्या आशेवर पैसे घालवण्यापेक्षा बरं. खाज थांबली, दुखणं थांबलं. टक्कल पसरायचं थांबलं. कडेकडेने मऊ केस आलेत. चर्चला विग घालते, घरात नाही."

सांगलीकर_ह्यूस्टन

मी पुरुष आहे, पण माझी बायको आफ्रिकन अमेरिकन आणि मुलगी दुसरीत, म्हणून लिहितो. बायकोच्या दोन्ही कानशिलांवर केस नाहीत. अगदी पुढे बारीक केसांची एक रांग उरली आहे आणि तिच्यामागे मोकळी पट्टी. वर्षानुवर्षं घट्ट बांधलेल्या वेण्यांनी मुळं ओढली जाऊन हे होतं. सुरुवातीलाच ओढ थांबवली तर केस परत येतात, फार वर्षं गेली तर येत नाहीत. तिच्या बाबतीत फार वर्षं गेली होती.

एका लग्नासाठी मुलीच्या डोक्याला चिकटून बारीक वेण्या घातल्या, टोकाला मणी. फार सुंदर दिसत होती. रात्री ती उशीवर डोकं टेकेना. बायकोने दिवा लावून पाहिलं तर कपाळाच्या कडेने बारीक पुळ्या उठलेल्या. रात्री बारा वाजता आम्ही दोघांनी बसून सगळ्या वेण्या सोडल्या. मुलगी म्हणाली, "सुंदर दिसायचं तर दुखणारच ना?" हे तिला घरात कोणी शिकवलं नव्हतं. बायको तिला जवळ घेऊन म्हणाली, दुखलं की वेणी घट्ट आहे, लगेच सांगायचं, कोणी घातलेली असो.

आता रविवारी तिचे केस मी विंचरतो. पाणी आणि कंडिशनर एकत्र करून फवारायचं, रुंद दातांचा कंगवा घ्यायचा, टोकापासून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे यायचं. वरून खाली ओढलं की गुंता आवळतो आणि केस तुटतो. कपाळालगतचे केस वेणीत घ्यायचेच नाहीत. रात्री सॅटिनची टोपी, कारण सुती उशी केस घासते आणि कोरडे करते. टेक्सासमध्ये २०२३ पासून क्राउन कायदा लागू आहे. वेण्या, जटा, कुरळे केस यावरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करता येत नाही. कॅलिफोर्नियाने हा कायदा सर्वांत आधी, २०१९ मध्ये केला. केस सरळ करायची सक्ती सुटली तर टाळूवरचे अर्धे अत्याचार आपोआप थांबतील, असं माझं ठाम मत आहे.

जुई_कोथरूड

माझी पुण्यातली रूममेट टांझानियाची. इकडे शिकायला आलेल्या आफ्रिकन मुली एकमेकींच्या खोलीवर जमून वेण्या घालतात, कारण त्यांचे केस हाताळणारं पार्लर सापडणं मुश्कील. गंगावन जोडून घातलेल्या वेण्या पूर्ण व्हायला अख्खा दिवस जातो. बसमध्ये लोक न विचारता त्या वेण्यांना हात लावायचे. ती काही बोलायची नाही, घरी आल्यावर गप्प गप्प असायची.

पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. बरी झाली आणि दिवाळीनंतर केस असे गळायला लागले की झाडताना पुंजकेच्या पुंजके निघायचे. पहिल्या डॉक्टरांनी खुर्चीतूनच सांगितलं, "तुमच्या लोकांचे केस असेच असतात." तिने भाषांतर मागितलं तेव्हा मला ते वाक्य उच्चारवेना. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी वेण्या सोडून यायला सांगितलं आणि भिंगातून सगळी टाळू तपासली. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस एकदम गळतात, ते आपोआप भरून येतात, हे समजावलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलं, ते बरंच कमी होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या. कानशिलांची विरळ जागा मात्र वेण्यांच्या ओढीची आहे, जड गंगावन बंद करा, असंही सांगितलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत डोकं भरलं. कानशिलं अजून पुरती भरली नाहीत. ती आता दारेसलामला परत गेली आहे. तिनेच हे लिहायला सांगितलं, आणि ते वाक्य गाळू नकोस असंही सांगितलं.

मंजिरी_बाल्टिमोर

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, मूळची बेळगावची. केतकी, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

गोऱ्या कातडीवर सूज लाल दिसते. काळ्या कातडीवर ती तपकिरी, जांभळट दिसते, कधी दिसतही नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांतली बहुतेक छायाचित्रं गोऱ्या रुग्णांची असायची, त्यामुळे कित्येक डॉक्टरांची नजरच तयार झालेली नसते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला मी हेच सांगते : माथ्यावर दुखत असेल, खाजत असेल, टोचल्यासारखं होत असेल, तर केस गळायची वाट बघू नका. व्रण धरणारा आजार बहुतेक वेळा आधी असाच बोलतो. तपासायचा तुकडा टकलाच्या मधून घेऊन उपयोग नसतो, तिथे सगळं संपलेलं असतं. तो कडेचा, जिथे आजार अजून चालू आहे तिथला घ्यावा लागतो.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासात सीसीसीए असलेल्या कृष्णवर्णीय बायकांत गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींचं प्रमाण सुमारे पाचपट दिसलं. एकामुळे दुसरं होतं असं यातून सिद्ध होत नाही, पण मी पाळीबद्दल विचारल्याशिवाय रुग्णाला सोडत नाही. रिलॅक्सरबद्दलही सांगते. २०२२ च्या 'सिस्टर स्टडी' नावाच्या अमेरिकन अभ्यासात केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांपैकी १.६४ टक्के बायकांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होईल असा अंदाज निघाला, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. हेही संबंध दाखवणारे आकडे आहेत, पण मला ते पुरेसे वाटतात.

मिनॉक्सिडिल लावायला सुरुवात केली की पहिले काही आठवडे गळती वाढू शकते. घाबरून सोडू नका, आणि बंद केलं की मिळालेला फायदा जातो हेही धरून चाला. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

सुमन_सातारा

मंजिरीताई, तिकडच्या बायका केसांना एरंडेल लावतात असं ऐकलं. आमच्या आजीही लावायच्या. उपयोग होतो का?

मंजिरी_बाल्टिमोर

सुमनताई, हो, जमैकाचं काळं एरंडेल इथे फार चालतं. बिया भाजून काढतात म्हणून काळं. केस मऊ राहतो, कमी तुटतो, म्हणून लांब वाढल्यासारखा दिसतो. नवीन केस उगवतात याला मात्र भक्कम पुरावा नाही. लावायला हरकत नाही, त्याच्या भरवशावर डॉक्टर टाळू नका.

नर्स_लंडन

माझ्या वॉर्डातली सहकारी नायजेरियन कुटुंबातली. तिला चाई पडली. आधी कानामागे एक चट्टा, मग डोकं, मग भुवया, शेवटी पापण्या. पापण्या गेल्यावर डोळ्यांत सारखी धूळ जायची, हा त्रास होतो हे आम्हा नर्सनाही माहीत नव्हतं. पेशंट विचारायचे, "सिस्टर, तुम्हालाही कॅन्सर आहे का?" प्रत्येकाला ती शांतपणे सांगायची की नाही, माझी प्रतिकारशक्ती माझ्याच केसांवर उठली आहे.

अमेरिकेच्या खासदार अयाना प्रेस्ली यांनी जानेवारी २०२० मध्ये कॅमेऱ्यासमोर विग काढून आपलं पूर्ण टक्कल दाखवलं. तो व्हिडिओ तिने मला ड्युटीच्या मधल्या सुट्टीत दाखवला आणि दुसऱ्या दिवसापासून विग न घालता आली. इथे २०२४ पासून तीव्र चाईसाठी रिटलेसिटिनिब नावाचं औषध सरकारी आरोग्यसेवेत मिळतं. तिला ते सुरू झालं. पहिल्यांदा आले ते पांढरे केस होते, मग काळे. भुवया आल्या. औषध थांबवल्यावर पुन्हा जाऊ शकतात हे तिला ठाऊक आहे, आणि त्या भीतीबद्दल ती उघड बोलते, याचं मला फार कौतुक वाटतं.

रेश्मा_हल्याळ

मी सिद्दी आहे. आमचे पूर्वज आफ्रिकेतून आले. आमचं गाव उत्तर कन्नड जिल्ह्यात, घरात कोकणी, बाजारात कन्नड आणि मराठी. या धाग्यात आमचं काय काम असं आधी वाटलं, पण कानशिलांचं वाचलं आणि लिहायला बसले.

आमच्या शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या होत्या. आमचे केस खांद्यापर्यंत येत नाहीत, दाट कुरळे. आई खोबरेल चोपडून, रबर तीनदा गुंडाळून वेणी उभी करायची, नाहीतर शाळेत बाई उभं करायच्या. डोळ्यांच्या कडा ताणल्या जायच्या. माझ्या, माझ्या बहिणीच्या आणि वर्गातल्या आणखी मुलींच्या कानशिलांवर तेव्हापासून केस नाहीत. आम्हाला वाटायचं आमच्या जातीचंच हे लक्षण.

माझी मुलगी पहिलीत गेली तेव्हा मी मुख्याध्यापिकांना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं. आता सिद्दी मुली आखूड केस ठेवतात, वर नुसता कापडी हेअरबँड. दोन-तीन मोठ्या मुलींची जागा अजून गुळगुळीत झालेली नाही, बारीक लव दिसते. डॉक्टर मॅडम, त्यांचे केस येतील का? इथून त्वचेच्या डॉक्टरसाठी हुबळी नाहीतर बेळगाव गाठावं लागतं, एक मजुरी बुडते.

मंजिरी_बाल्टिमोर

रेश्मा, लव दिसते म्हणजे मुळं जिवंत असण्याची शक्यता चांगली आहे. बघितल्याशिवाय जास्त बोलत नाही. मी डिसेंबरात माहेरी येतेय. माझी बॅचमेट बेळगावातच प्रॅक्टिस करते, औषधं ती लिहून देईल आणि पुढे लक्षही तीच ठेवेल. तिच्याशी बोलून हल्याळला यायची तारीख इथेच कळवते. शाळेत एक खोली आणि खिडकीचा उजेड पुरे. मुलींना त्या दिवशी तेल न लावता आणा. आयांनाही आणा, आणि तुम्ही व तुमची बहीणही दाखवून घ्या.