शिष्यवृत्तीचा वाढीव रुपया कोठे जावा: फीमध्ये, की खोलीभाड्यात आणि मेसमध्ये?

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर):

वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 50 टक्क्यांऐवजी 100 टक्के माफ करण्याचा शासन निर्णय जुलै 2024 मध्ये निघाला, तेव्हा आमच्या घरात खरोखर आनंद झाला होता. माझी पुतणी त्याच वर्षी घनसावंगी तालुक्यातून येथे अभियांत्रिकीला आली. कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून, जागा मिळाली आणि शिक्षण शुल्क भरावे लागले नाही. परंतु खोलीची अनामत 5,000 रुपये, पहिल्या महिन्याचे भाडे 1,800 रुपये आणि मेसचे आगाऊ 3,000 रुपये एकाच आठवड्यात द्यावे लागले, आणि तो आठवडा ऑगस्टमधला होता. ऑगस्टमध्ये कपाशीला पाते लागत असते. वेचणीचा पैसा दसरा-दिवाळीच्या पुढे येतो, आणि तोवर घरात कृषी सेवा केंद्राची उधारी तेवढी असते. भावाने शेकडा तीन रुपये महिना व्याजाने पैसे काढले. मुलीची फी माफ झाली, त्याच महिन्यात तिच्या शिक्षणापायी घरात सावकारी कर्ज आले.

माझे म्हणणे एवढेच आहे की राज्याने आजवर फीवर भर दिला तो योग्यच होता, पण यापुढे अर्थसंकल्पात विद्यार्थ्यांसाठी जो वाढीव रुपया येईल तो निर्वाहासाठी खर्च व्हावा, आणि तो वर्षाच्या अखेरीस नव्हे, प्रवेश होताच हातात पडावा. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जानेवारी 2017 च्या निर्णयात आपल्या शहरासाठी भोजनाचे 28,000, निवासाचे 15,000 आणि निर्वाहाचे 8,000 असे मिळून वर्षाला 51,000 रुपये ठरवले गेले. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी त्याच धर्तीवर सावित्रीबाई फुले आधार योजना आली, पण ती जिल्ह्याला 600 विद्यार्थ्यांपुरती. पुतणीचा दहा महिन्यांचा खोली-जेवणाचा खर्च 48,000 रुपये होतो, म्हणजे ही रक्कम तिला पुरली असती. तिचे नाव त्या 600 मध्ये बसले नाही.

निवृत्त प्राचार्य (नांदेड):

आपल्या पुतणीची अडचण खरी आहे, आणि आपण ती तळमळीने मांडली आहे. तरीही आपल्या मांडणीला मी ठाम विरोध करतो, कारण फीची प्रतिपूर्ती (माफ केलेल्या फीचे पैसे राज्याने महाविद्यालयाला देणे) म्हणजे महाविद्यालयाला दिलेली खिरापत, असा त्यातून समज होऊ शकतो. वसंतदादा पाटील यांच्या काळात 1983 मध्ये विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून मराठवाड्यातील तंत्रशिक्षण बहुतांशी याच महाविद्यालयांवर उभे आहे. तेथे प्राध्यापकाचा पगार फीमधून होतो. ज्या महाविद्यालयात दहापैकी सात-आठ मुले सवलतधारक असतात, तेथे प्रतिपूर्तीचा हप्ता लांबला की पगार लांबतो. पगार लांबला की चांगला शिक्षक पुण्याची वाट धरतो. मी स्वतः प्राचार्य असताना पाच-पाच महिने पगार न झालेल्या शिक्षकांना वर्गावर पाठवले आहे, आणि त्यांच्या नजरेला नजर देणे मला जड जात असे. अशा वेळी वाढीव रुपया निर्वाहाकडे वळवला तर प्रतिपूर्तीची थकबाकी आणखी वाढेल, आणि मग प्रवेशाच्या खिडकीवर 'आधी फी भरा, शिष्यवृत्ती आल्यावर परत घ्या' ही जुनी पद्धत पुन्हा सुरू होईल. आपली पुतणी तेव्हा 10,000 रुपयांसाठी नव्हे, त्याच्या कित्येक पट रकमेसाठी सावकाराच्या दारात उभी राहील.

गोदाकाठ:

सर, प्रतिपूर्ती थांबवा किंवा कमी करा असे मी कोठेही म्हटलेले नाही. जी आहे ती वेळेवर द्या, आणि नवी वाढ दुसरीकडे करा, इतकेच माझे मागणे आहे. पगाराबद्दल आपण लिहिले ते मला मान्य आहे. पण शिक्षकाचा पगार हा राज्य आणि संस्था यांच्यातील व्यवहार आहे. त्याची जामीनदार विद्यार्थिनी का व्हावी?

कंधारची ताई:

दादा, तुम्ही पुतणी शहरात आल्यानंतरचा हिशेब मांडता. मी घरातून पाऊल बाहेर पडण्याआधीचा मांडते. माझ्या धाकट्या बहिणीचे बारावीनंतर लग्न ठरवायचे घाटत होते. आमचे वडील वाईट नाहीत, पण त्यांच्या हिशेबात मुलाची फी ही गुंतवणूक असे आणि मुलीची फी हा खर्च. 'फी लागत नाही' एवढे एक वाक्य मला त्यांच्यासमोर ठेवता आले आणि बैठक तेथेच मोडली. 'वर्षाला अमुक भत्ता मिळेल, यादी लागल्यावर' असे सांगितले असते तर त्यांनी ऐकूनही घेतले नसते, कारण यादीवर कोणाचा विश्वास नाही. फीमाफी सर्वांना मिळते, तिला 600 ची मर्यादा नसते, म्हणूनच ती गावात सांगता येते. खोली-जेवणाचे आम्ही कसेही निभावले. सुरुवातीचे दोन महिने आई पहाटे भाकरी थापून पहिल्या एसटीने डबा पाठवत असे. झाकणाला सुतळी बांधलेली आणि वर रंगाने बहिणीचे नाव. वाहकाने तो स्थानकावर कँटीनवाल्याकडे ठेवायचा आणि तिने कॉलेजला जाताना उचलायचा. हे सोपे होते असे मी म्हणत नाही. पण डबा गावाहून पाठवता येतो. फी गावाहून आणता आली नसती.

कोरडवाहू (गेवराई):

ताईंचा डबा दोन महिने चालला, हे त्यांनीच लिहिले आहे. पुढच्या आठ महिन्यांचे काय? आमच्या भागात पाऊस दगा देतो तेव्हा घरात भाकरीचेच वांधे होतात, आणि आई-वडील कोयता घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघून जातात ते उन्हाळा लागल्यावर परततात. डबा कोणी थापायचा? दुष्काळ जाहीर झाला की ज्या सवलती लागू होतात त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी असते, आणि त्या वर्षी गळ्याशी आलेल्या घरांना तिचा आधार वाटतो हे मी नाकारत नाही. पण परीक्षेपर्यंत शहरात टिकलेल्या मुलालाच तिचा उपयोग होतो.

मात्र गोदाकाठ यांच्या रोख भत्त्यालाही माझा विरोध आहे. स्वाधार योजना मुळात आली ती वसतिगृहांत जागा पुरत नाहीत म्हणून. म्हणजे भत्ता ही पर्यायी सोय आहे, मूळ सोय वसतिगृह आहे. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय उभे केले, आणि त्याच्या नागसेनवन परिसरात वर्गखोल्यांबरोबर वसतिगृहेही उभी राहिली, कारण खेड्यातल्या मुलाला रात्री अभ्यासाला दिवा आणि दोन वेळचे जेवण मिळाले नाही तर महाविद्यालय त्याच्यासाठी असून नसल्यासारखे होते. भत्ता वाढला की महाविद्यालयाच्या भोवतीचे घरमालक भाडे वाढवतात. तो पैसा अखेर त्यांच्याच घरात जातो, आणि मुले चौघांच्या खोलीत सहाजण राहतात. प्रत्येक तालुक्याला मुलामुलींची दोन चांगली वसतिगृहे बांधा, मग भत्त्याचा प्रश्न निम्मा उरतो.

गोदाकाठ:

वसतिगृहाला माझा विरोध कसा असेल? पण जागा ताब्यात घेणे, आराखडा, निविदा, बांधकाम, गृहपालाची नेमणूक एवढे सगळे होईपर्यंत आज प्रथम वर्षाला असलेली मुलगी पदवी घेऊन बाहेर पडलेली असेल. तोवर तिने कोठे राहायचे?

लातूरचा व्यापारी:

मी कर भरतो आणि हा पैसा योग्य जागी जावा असे मला मनापासून वाटते, म्हणून थोडे कडवट लिहितो. आठ लाखांची मर्यादा इतकी रुंद आहे की तिच्यात शेतमजूर, शिपाई आणि माझ्यासारखा अडत दुकानदार हे सगळे एकाच रांगेत बसतात. आमच्या ओळखीत ज्यांच्या घरी दोन चारचाकी आहेत त्यांच्याकडेही उत्पन्नाचा दाखला आहे. नोकरदाराचे उत्पन्न कागदावर दिसते. शेती आणि व्यापाराचे बहुतेक वेळा सांगण्यावर असते. आधी मर्यादा खाली आणा, दाखल्याची पडताळणी करा, हजेरी 75 टक्क्यांखाली गेली तर हप्ता थांबवा. बाकीच्यांनी शैक्षणिक कर्ज घ्यावे, नाही तर विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेत दोन तास काम करावे. मी स्वतः तसेच शिकलो आहे.

परळीची वाचक:

साहेब, मर्यादेविषयी बोलायचेच असेल तर पूर्ण बोलू. अनुसूचित जातीच्या मुलांना केंद्र पुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, आठ लाख नव्हे. त्यापुढे राज्याची फ्रीशिप मिळते, पण ती शिक्षण आणि परीक्षा शुल्काची. निर्वाहाचा एक रुपयाही तिच्यात नाही. ज्यांना शिष्यवृत्ती मिळते त्यांचा निर्वाह भत्ताही पाहा. 2021 च्या सुधारित नियमांप्रमाणे साध्या बी.ए., बी.एस्सी.साठी घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला 3,000 रुपये आणि वसतिगृहातल्याला 6,000. महिन्याला 500 रुपयांत कोणते वसतिगृह जेवण देते? कर्जाचे म्हणाल, तर चार लाखांपर्यंत तारण लागत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण ज्याच्या बापाचे पीककर्ज थकले आहे त्याच्या मुलाला शाखाधिकारी खुर्चीवर बस म्हणत नाही. आणि कमवा-शिका चांगलीच आहे, फक्त तिच्यात जागा मोजक्या असतात. प्रयोगशाळेत सायंकाळी सहापर्यंत थांबणाऱ्या मुलीने ते दोन तास कोठून आणायचे?

शिष्यवृत्ती लिपिक (परभणी जिल्हा):

मी एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज पाहतो. वर चाललेला वाद मोठा आहे, त्यात मी दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या मला रोज दिसतात.

शिष्यवृत्तीचे अर्ज ज्यावर भरले जातात ते राज्याचे महाडीबीटी पोर्टल 2017 पासून आहे. त्याआधीचे कागदांचे गठ्ठे आठवले की मी पोर्टलला वाईट म्हणत नाही. पण रक्कम विद्यार्थी सांगतो त्या खात्यात जात नाही. आधार ज्या खात्याला शेवटचे जोडलेले असते त्या खात्यात जाते. मागच्या वर्षी एक मुलगा तीन वेळा माझ्या टेबलाशी आला. पासबुक कोरे, पोर्टलवर मात्र रक्कम जमा. शोध घेतला तेव्हा मोबाईलचे सिम घेताना त्याच्या नकळत उघडलेल्या एका खात्यात ती पडलेली निघाली. पैसे त्याचेच होते आणि तो चार महिने मेसवाल्याला चुकवत मागच्या फाटकाने ये-जा करत होता.

दुसरी गोष्ट वेळेची. कॅपच्या फेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत लांबतात, मग अर्ज, मग आमची पडताळणी, एखादा दाखला चुकला की अर्ज परत, मग वरच्या कार्यालयाची मंजुरी, मग निधी. प्रथम वर्षाचा मुलगा सर्वांत जास्त याच काळात गळतो. दिवाळीच्या सुट्टीला गेलेली मुले परत येत नाहीत. हजेरीपटावर मी त्यांच्या नावापुढे रेघ ओढतो. त्यांच्यापैकी बहुतेकांची फी माफच असते.

निवृत्त प्राचार्य (नांदेड):

लिपिक महोदयांनी लिहिलेले शेवटचे वाक्य मी नाकारू शकत नाही. माझ्याही हजेरीपटावर दिवाळीनंतर अशा रेघा असत, आणि कारण विचारायला मी कधी कोणाच्या गावी गेलो नाही. भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित होताच द्यावा, हे मला आता पटते. पण प्रश्न उरतो तो वसुलीचा. कॅपच्या पुढच्या फेरीत मुलगा दुसरीकडे गेला किंवा प्रवेशच रद्द केला, तर दिलेली रक्कम कोणाच्या माथी मारायची? महाविद्यालयाच्या असेल तर एकही संस्था ही जबाबदारी घेणार नाही.

गोदाकाठ:

सर, पहिला हप्ता शेवटच्या कॅप फेरीनंतर आठ दिवसांत द्यावा, म्हणजे जागा बदलण्याचा प्रश्न उरत नाही. रक्कम पूर्ण वर्षाची नको. अनामत आणि पहिल्या महिन्याचे खोली-जेवण, म्हणजे 10,000 रुपये पुरेत. पुढचे हप्ते, व्यापारी साहेब म्हणतात तसे, हजेरीला बांधा. त्याला माझी हरकत नाही. इतके करूनही कोणी प्रवेश सोडला तर ते 10,000 राज्याने सोडून द्यावेत, महाविद्यालयाकडून मागू नयेत. कंधारच्या ताईंचे एक म्हणणे मी माझ्या मागणीत घालतो: हा पहिला हप्ता यादीवर ठेवू नये. ज्याची फी माफ आणि जो गाव सोडून आला आहे त्या प्रत्येकाला तो मिळावा, 600 मोजून नव्हे.

कोरडवाहू (गेवराई):

आणि त्याच अर्थसंकल्पात तालुक्याच्या वसतिगृहाच्या बांधकामाचा पैसाही दिसला पाहिजे. तो दिसला तर तुमच्या हप्त्याला माझा पाठिंबा आहे. नसेल तर नाही.