अन्यायाच्या जोडचित्राला शब्द हवेत की नकोत?

मूळ मत (आर्वी तालुका)
पोळ्याला आमच्या समाजमंदिरात गावातल्या मुलांनी मासिकांतील छायाचित्रे कापून जोडलेले एक मोठे चित्र लावले होते. वर परदेशी दुकानाच्या काचेमागे टांगलेले पांढरे सदरे होते आणि त्यांच्याच बाह्या खाली उतरता उतरता वेचणी करणाऱ्या बाईची कापसाने भरलेली ओटी होत होत्या. चित्रावर एक अक्षरही नव्हते. सहीऐवजी अंगठा उठवणारी एक आजी त्यासमोर थांबून म्हणाली, "हा सदरा त आपल्याच ओटीतून निंगाला." इंग्लंडचे कलावंत पीटर केनार्ड यांनी 1980 साली तिथलेच जुने चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांच्या 1821 च्या प्रसिद्ध ग्रामीण चित्रातील गाडीत अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवली, ती पाहतानाही भाषांतर लागत नाही, बंडीत कडब्याऐवजी काय भरले आहे, हे आपल्या पोरांनाही दिसते. अशा चित्राखाली ओळ लिहिणे म्हणजे पाहणाऱ्यावर अविश्वास दाखवणे होय, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (घाटंजी)
मला हे पटत नाही. मूळ चित्र लहानपणापासून पाहिलेल्या इंग्रज माणसाला जो धक्का बसतो, तो आपल्या पोरांना बसणार नाही. त्यांना फक्त शस्त्रांची गाडी दिसेल. या कलेतील मातब्बर जॉन हार्टफील्ड यांनीही शब्द टाळले नव्हते. 1932 च्या त्यांच्या जोडचित्रात सलामीसाठी मागे वळलेल्या हिटलरच्या तळहातावर पाठीमागचा धिप्पाड धनिक नोटा ठेवतो, पण 'माझ्या मागे लाखो आहेत' या ओळीतले लाखो म्हणजे माणसे नसून पैसे आहेत, ही खरी नांगी शब्दांतच आहे. आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतल्या बडग्यांना, म्हणजे त्या पुतळ्यांनाही, पाट्या लागतातच. शिवाय कापसाचा भाव काही दुकानातल्या गिऱ्हाइकाने पाडलेला नाही. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानाविरुद्ध ब्राझीलने 2002 साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि ती जिंकली. 2003 मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या देशांनी तोच प्रश्न तेथे मांडला. ते अनुदान कोणत्या कात्रणात दाखवणार? तुमच्या चित्रात दोषी ठरतो तो सदरा घेणारा, आणि हिशेब लिहिणारा चौकटीबाहेर मोकळाच राहतो.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
हिशेबाचा मुद्दा मान्य. परंतु अनुदानाची गोष्ट आमच्याकडे त्याच संध्याकाळी निघाली, आणि ती त्या चित्रासमोरच निघाली. खाली मजकूर असता तर लोक तो वाचून घरी गेले असते. अमेरिकी कलावंत मार्था रॉस्लर यांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी मासिकांतल्या सजवलेल्या दिवाणखान्यांत युद्धाची छायाचित्रे बसवली, तेव्हा त्यांनीही चित्राच्या आत युद्धाची कारणे लिहिली नव्हती.

आणखी एक प्रतिसाद (दारव्हा)
तुम्ही दोघेही त्या ओटीवाल्या बाईला विसरलात. तिचा चेहरा कोणत्या तरी मासिकातून कापला, तेव्हा तिला कोणी विचारले होते का? 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर आमच्याकडे कॅमेरे घेऊन माणसे आली. तेव्हापासून खाटेवर पडलेल्या माणसाचा फोटो दिसला, की तो कोणत्या चित्रात जाऊन बसेल अशी धास्ती वाटते, मग त्याखाली ओळ असो वा नसो. ओटी आणि हात दाखवून तुमच्या मुलांचे काम झाले असते. पुढच्या चित्रात तरी त्यांनी चेहरा कापू नये.