कॅनन एसएक्स740 एचएस: पूर्ण झूमला फोटो मऊ का येतात?

रोहित_भिगवण
पॉवरशॉट एसएक्स740 एचएस आहे. 200 मिमीपर्यंत फोटो स्वच्छ येतात, पण पूर्ण 40एक्स झूमला, म्हणजे 960 मिमीला, होडीतून काढलेले रोहित पक्षी मऊ आणि दाणेदार दिसतात. मोड ऑटोच असतो. लेन्समध्ये दोष असेल का? की एक इंची सेन्सरचा (उजेड टिपणारा भाग मोठा असलेला) कॅमेरा घ्यावा?

छिद्रमान
आधी आकडे बघा. लेन्सची खरी फोकल लांबी (झूमचं माप) 4.3 ते 172 मिमी आहे. 960 हा 35 मिमी फिल्मच्या हिशोबाने काढलेला आकडा. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान. झूम नसताना, रुंद टोकाला, एफ3.3 मिळतो, लांब टोकाला एफ6.9. म्हणजे झूम पूर्ण ताणला की सेन्सरवर चौथा हिस्सासुद्धा उजेड पडत नाही. ऑटो मोड ही तूट आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवून भरतो. सेन्सर 1/2.3 इंची, म्हणजे लहान, त्यावर 2 कोटी पिक्सेल, म्हणून दाणे येतात. आणि ते घालवताना कॅमेरा पिसांचे बारकावेही पुसून टाकतो. रॉ फाइलची (कॅमेऱ्याने न बदललेला मूळ फोटो) सोय यात नाही, त्यामुळे फोटो काढतानाच काळजी घ्यायला हवी.

डायल टीव्हीवर (Tv, शटरवेग स्वतः ठरवायचा मोड) ठेवा. जमिनीवरून 1/500 सेकंद, होडीतून 1/1000. आयएसओ स्वतः ठरवा: कडक उन्हात 200 पुरतो, ढगाळ असेल तर 400 ते 800. एफचा आकडा नारिंगी दिसला तर उजेड कमी पडतोय, आयएसओ एक पायरी वाढवा. मेनूतला डिजिटल झूम बंदच करा. 40एक्सच्या पुढे नवा तपशील मिळत नाही, आहे तेच चित्र मोठं होतं.

निवांत_ट्रायपॉड
वरचं सगळं बरोबर, पण होडीतून दूरचे पक्षी टिपताना तापलेली हवा विसरू नका. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि कडा वितळल्यासारख्या दिसतात. त्यावर ना शटरवेग चालतो ना स्टॅबिलायझर (हाताचा हलका कंप सावरणारी सोय). सकाळी लवकर जा आणि अंतर कमी करा, एवढाच उपाय.

लेन्सची शंका घरीच फेडा. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, 10 मीटरवर ट्रायपॉड, कॅमेरा भिंतीला काटकोनात, स्टॅबिलायझर बंद, 2 सेकंदांचा टायमर, आयएसओ 100, पूर्ण झूम. अक्षरं सगळीकडे सारखी मऊ असतील तर ती या लेन्सची मर्यादा. एकच बाजू पुसट आली तर आतली काच तिरकी बसली असावी, सर्व्हिस सेंटरला दाखवा.

एक_इंच
एक इंची सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या चौपट, पण तुमच्या कामाला तो उपयोगी पडेलच असं नाही. एक इंची सेन्सरच्या पॅनासॉनिक टीझेड100 ची लेन्स 250 मिमीला थांबते. 960 इतकं जवळ आणायला फोटो कातरलात तर 2 कोटींपैकी जेमतेम 14 लाख पिक्सेल उरतात. संध्याकाळ, देवळांचे गाभारे, घरातले कार्यक्रम यांसाठी तो नक्कीच सरस. दूरच्या पक्ष्यांसाठी हाच ठेवा.

रोहित_भिगवण
सगळ्यांचे आभार. डिजिटल झूम चालूच होता! उडता पक्षी चौकटीतून निसटतो, त्याला काय करावं?

छिद्रमान
फ्रेमिंग असिस्टचं बटण दाबून धरा. झूम मागे येतो आणि आधीची चौकट पडद्यावर दिसत राहते. पक्षी त्या चौकटीत आणा, बटण सोडा, झूम परत जागेवर जातो.