ठिपके म्हणजे कारखाना नव्हे

या चर्चेत कोणीतरी लिहिलंय की पेशीच्या केंद्रकातले ठिपके (न्यूक्लिअर स्पेकल्स) हाच स्प्लायसिंगचा, म्हणजे कच्च्या आरएनएतले नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडण्याचा, कारखाना. अर्धंच पटलं. स्प्लायसिंगची प्रथिनं तिथे दाटीनं असतात हे खरं, पण बरंचसं स्प्लायसिंग जनुकापाशी, आरएनए तयार होत असतानाच उरकतं. म्हापशाला शिकवणीला येणाऱ्या बारावीच्या पोरांना मी पायलटांच्या (गोव्यातल्या मोटरसायकल-टॅक्सीवाल्यांच्या) स्टँडचं उदाहरण देतो: पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकली स्टँडवर दिसतात, पण भाडं मारलं जातं ते रस्त्यावर. अल्फा-अमॅनिटिन हे अळंबीतलं विष देऊन लिप्यंतरण (डीएनएवरून आरएनए बनणं) थांबवलं की ठिपके मोठे आणि गोल होतात. भाडीच नाहीत, मग सगळे स्टँडवर! एसआर प्रथिनांना (स्प्लायसिंगला मदत करणाऱ्या प्रथिनांचा एक गट) फॉस्फेट लागले की ती तिथून सुटतात. अर्थात निव्वळ गोदाम म्हणणंही चूक, कारण ठिपक्यांना खेटून असलेल्या सक्रिय जनुकांचं स्प्लायसिंग जास्त कार्यक्षमतेनं होतं असं अलीकडच्या कामातून दिसतंय.

आणखी एक गोष्ट, जी इथे कुणी काढली नाही. हे ठिपके रंगवायला 1990 पासून एससी35 या एसआर प्रथिनाच्याच नावाचं प्रतिपिंड (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) वापरतात, आणि 'एससी35 प्रथिन ठिपक्यांत असतं' हे विधान बरंचसं त्याच्याच जोरावर रूढ झालं. 2020 मध्ये दाखवलं गेलं की ते प्रतिपिंड मुख्यतः एसआरआरएम2 या भल्यामोठ्या प्रथिनाला चिकटतं. एसआरआरएम2 आणि सॉन नावाचं आणखी एक प्रथिन, ही दोन्ही काढली तर ठिपकेच विरघळतात. त्यामुळे या प्रतिपिंडानं रंगवलेलं ठिपक्यांचं जुनं चित्र एससी35 प्रथिनाचं म्हणून वाचू नका.